कुत्रा दुःखी आहे हे कशावरून? प्राण्यांची वास्तववादी चित्रं वाचायला शिकताना

प्राण्याचं वास्तववादी चित्र समोर आलं की आपल्या तोंडून पहिली दाद निघते ती "किती हुबेहूब!" अशी. केस न् केस दिसतो, डोळ्यातली ओल दिसते, आणि आपण खूश होऊन पुढच्या चित्राकडे वळतो. या कौतुकात एक गोष्ट निसटते. प्राणी कुठे बसवायचा, त्याच्यावर उजेड कुठून पाडायचा, भोवती काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं, हे सगळं चित्रकाराने ठरवलेलं असतं. चित्रातला भाव प्राण्याच्या चेहऱ्यावर थोडा असतो आणि या ठरवण्यात पुष्कळ असतो. तो शोधायला कलेचं शिक्षण लागत नाही. क्रमाने पाहायची सवय मात्र लागते.

सोबतीला एक चित्र घेऊ आणि लेखभर त्याच्याकडे परत परत येत राहू. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. लाकडी फळीवर तेलरंगात केलेलं, साधारण ४६ बाय ६१ सेंटिमीटरचं छोटंसं काम. चित्रकार एडविन लँडसीर (१८०२–१८७३). १८३७ साली त्याने ते लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनात मांडलं. नाव मी मुद्दाम थोड्या वेळाने सांगेन, तोवर वर्णनावर भागवा.

पहिली पायरी: नाव न वाचता यादी करा

संग्रहालयात आपली नजर आधी चित्राखालच्या पाटीवर जाते. ती सवय मोडायची. पाटी वाचली की आपण चित्रात तेच शोधत बसतो. वही काढा आणि दिसेल ते लिहा, पण फक्त वस्तू, जागा आणि स्थिती. "दुःखी", "रुबाबदार", "भेदरलेला" असे शब्द या यादीत येऊ द्यायचे नाहीत.

आपल्या चित्राची यादी अशी होते: एक साधी, काळोखी खोली. खोलीत एक लांबट लाकडी पेटी. पेटीवर जाड लोकरी वस्त्र, आपल्याकडच्या घोंगडीच्या जातीचं. पेटीला छाती टेकवून, हनुवटी त्या वस्त्रावर ठेवून एक कुत्रा. जवळच एका बुटक्या बैठकीवर एक जाड पुस्तक आणि त्यावर चष्मा. जमिनीवर काठी आणि टोपी. माणूस एकही नाही.

"माणूस एकही नाही" हेही यादीत आलं पाहिजे. जे असायला हवं होतं आणि नाही, त्याची नोंद नवखा पाहणारा हमखास विसरतो. मोकळी भिंत, रिकामी खुर्ची, न दाखवलेलं आकाश, सगळं लिहा.

दुसरी पायरी: चेहऱ्याआधी शरीर

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण सर्वांत जास्त गफलत इथेच होते. आपण माणसांचे चेहरे वाचण्यात तरबेज असतो आणि तेच कसब प्राण्यांवर चालवतो. चिंपांझीने दात दाखवले की तो हसतोय असं वाटतं. पुष्कळदा ती भीती असते. कुत्र्याने जांभई दिली की तो कंटाळला असं आपण धरून चालतो. अस्वस्थ कुत्राही जांभया देतो. शेपूट हलते म्हणजे आनंद, हेही दर वेळी खरं नसतं. घोड्याचे कान पुढे असतील तर त्याचं लक्ष समोर कशावर तरी लागलेलं असतं, कान मागे चिकटले असतील तर तो चिडलेला असतो. पक्षी पिसं फुलवून बसला असेल तर थंडी, विसावा किंवा आजार, आणि पिसं अंगाशी घट्ट धरून ताठ उभा असेल तर सावधपणा. ज्या प्राण्याचं चित्र पाहताय, तो प्रत्यक्षात कसा वागतो याची चार वाक्यं आधी वाचून घेतली तरी तुमचं वाचन कितीतरी सुधारेल. घरी कुत्रा-मांजर असलेल्यांना आणि गोठ्यात वाढलेल्यांना हे ज्ञान आयतंच मिळालेलं असतं. ते वापरायला संकोचू नका. कान टवकारलेला बैल आणि मान टाकलेला बैल यांतला फरक शेतकऱ्याला जसा कळतो, तसा तो कलासमीक्षकाला कळेलच असं नाही.

मग विचारा: वजन कुठे पडलंय? कोणता स्नायू ताणलेला, कोणता सैल? ही स्थिती प्राणी किती वेळ धरू शकेल?

हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. जॉर्ज स्टब्सने १७६२च्या सुमारास काढलेला 'व्हिसलजॅकेट' हा घोडा लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, जवळजवळ खऱ्या घोड्याएवढा. तो मागच्या पायांवर उठलेला आहे. ही स्थिती काही क्षणांचीच, म्हणून चित्रासमोर उभं राहिलं की आपणही श्वास रोखतो. लँडसीरच्या कुत्र्याचं नेमकं उलट आहे. त्याचं सगळं वजन पेटीवर आहे. मान उचलून धरण्याचाही प्रयत्न त्याने सोडलेला आहे. ही स्थिती तासन्‌तास टिकू शकते आणि ती बराच वेळ टिकली आहे, असं ते शरीर सांगतं. डोळे नंतर पाहा. डोळे वर वळलेले आहेत, पण डोळे झाकले तरी या चित्राचा भाव उतरत नाही. मला तर ही चांगल्या प्राणिचित्राची खूण वाटते.

या दोघा चित्रकारांना शरीर इतकं कसं कळलं? स्टब्सने लिंकनशरमधल्या हॉर्कस्टो गावी सुमारे दीड वर्ष मेलेल्या घोड्यांची चिरफाड करून एकेक थर कागदावर उतरवला. लँडसीरनेही शवविच्छेदनातून शरीररचना शिकून घेतली होती. कातडीखाली काय चाललंय हे माहीत असणाऱ्याचा हात कातडी वेगळी रंगवतो.

तरीही वास्तववादी म्हणजे समोर होतं तसं उतरवलेलं, असं समजू नका. नेदरलँड्समधल्या हेग शहरातल्या मॉरित्सहाउस संग्रहालयात पाउलस पॉटरचा १६४७ सालचा भलामोठा 'बैल' आहे, रुंदी ३ मीटरहून जास्त. अंगाभोवतीच्या माशांपासून गवतातल्या बेडकापर्यंत सारं त्यात आहे. पण हा एकच एक बैल नव्हे; वेगवेगळ्या वयांच्या बैलांचे अवयव जुळवून तो रचलेला आहे. चित्रकाराने प्राणी रचला, म्हणूनच तो असाच का रचला हे आपण विचारू शकतो.

तिसरी पायरी: उजेड, जागा आणि नजरेची उंची

उजेड कशावर पडलाय आणि काय अंधारात ठेवलंय, ते पाहा. लँडसीरच्या खोलीत उजेड मोजका आहे आणि तो पेटी आणि कुत्र्यापाशी गोळा होतो. बाकीचं घर तपकिरी अंधारात बुडालंय. रंगही मोजकेच, लाकडाचे आणि लोकरीचे. त्यामुळे पाहताना आपला आवाज आपोआप खाली येतो.

प्राण्याभोवती किती जागा सोडलीय, हेही तितकंच महत्त्वाचं. 'व्हिसलजॅकेट'मागे ना मैदान ना तबेला, ना स्वार ना लगाम. सपाट फिकट रंग आणि मागच्या खुरांशी थोडीशी सावली, बस. घोडा कोणाच्या मालकीचा, कोणत्या शर्यतीचा, हे सांगणारं काहीच उरत नाही. उरतो तो फक्त घोडा, आणि मग त्याच्याकडे एखाद्या व्यक्तीकडे पाहावं तसं पाहावं लागतं.

आता उंची. चित्रकाराची नजर प्राण्याच्या वर आहे, बरोबरीला आहे की खाली? लँडसीरचंच 'द मोनार्क ऑफ द ग्लेन' (सुमारे १८५१) पाहा. स्कॉटलंडच्या डोंगरात उभा असलेला हरणाचा शिंगाळ नर. आपण त्याच्याकडे थोडं खालून पाहतो, त्याचं डोकं धुक्यातल्या शिखरांच्याही वर जातं, आणि राजेपण तिथूनच येतं. तोच प्राणी वरून, गवतात दबलेला दाखवला असता तर ती शिकार झाली असती. कुत्र्याच्या चित्रात आपली नजर खाली, साधारण त्याच्याच पातळीवर आहे. आपण त्याच्याशेजारी जमिनीवर टेकल्यासारखे असतो.

चौथी पायरी: वस्तूंवरून आधी काय घडलं ते जुळवा

स्थिर चित्रात गोष्ट सांगायची तर चित्रकाराला वस्तूंचा आधार घ्यावा लागतो. प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारा: ही कोणाची? आणि ही इथे, अशी का पडली आहे?

काठी आणि टोपी जमिनीवर आहेत. दोन्ही बाहेर जाताना घ्यायच्या वस्तू. त्या खाली पडल्यात, म्हणजे त्यांचा धनी आता बाहेर जाणार नाही. माळावरचा धनगर ज्याने पाहिलाय त्याला काठीचं मोल वेगळं सांगायला नको. चष्मा पुस्तकावर ठेवलेला आहे. पुस्तक आहे बायबल. कोणीतरी वाचता वाचता थांबलं आणि मग ते परत उघडलं गेलं नाही. पेटी ही शवपेटी आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या रीतीत ती नसते, त्यामुळे पहिल्या नजरेला ती पेटाराच वाटू शकते. गोव्यातल्या किंवा वसईतल्या वाचकाला ती लगेच ओळखू येईल. अनोळखी संस्कृतीतलं चित्र पाहताना अशी एखादी वस्तू हुकली तर सगळं वाचनच घसरतं, म्हणून शंका आली की थांबून शोधा.

आता घोंगडीकडे पाहा. ती पेटीवर सरळ अंथरलेली नाही, एका बाजूला ओढली गेली आहे. कोणी ओढली? कुत्र्याच्या पंजांनी. तो आधी पेटीला बिलगला, पंजांनी धरायला गेला, कापड सरकलं, आणि मग तो शांत झाला. घोंगडीच्या या एका घडीत चित्रकाराने आधीचा सगळा आकांत ठेवला आहे आणि आपल्यासमोर फक्त नंतरची निश्चलता आणली आहे. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनने १८४३ साली या चित्राबद्दल भरभरून लिहिलं, ते याच तपशिलांवर बोट ठेवत: पंजांनी ओढलेली घोंगडी, शवपेटीचं झाकण ठोकताना शेवटचा घाव पडल्यापासून कुत्रा हललेला नाही हे सांगणारी ताठ शांतता, आणि एकाकी आयुष्य सुचवणारा तो चष्मा. केस किती सुरेख रंगवलेत हे त्याच्या दृष्टीने दुय्यम होतं. मला हे वाचन पटतं, कारण त्यातलं प्रत्येक विधान चित्रातल्या एखाद्या वस्तूवर उभं आहे. तुमचंही तसंच असू द्या.

पाचवी पायरी: आता नाव वाचा

चित्राचं नाव आहे 'द ओल्ड शेफर्ड्स चीफ मोर्नर'. म्हणजे गेला तो एक म्हातारा मेंढपाळ, आणि त्याच्यामागे शोक करणाऱ्यांत प्रमुख आहे हा कुत्रा. इंग्रजी अंत्यविधीत हा मान सर्वांत जवळच्या नातलगाचा असतो. तो इथे कुत्र्याला मिळाला, कारण दुसरं कोणी आलेलंच नाही.

नाव वाचल्यावर यादीकडे परत जा आणि तपासा: नावाने नवीन काय सांगितलं? मेंढपाळ आणि म्हातारपण यांचा अंदाज काठी, लोकर आणि चष्म्यावरून बांधता आला असता. "प्रमुख" हा दावा मात्र नावाने केला, आणि रिकाम्या खोलीने तो खरा करून दाखवला. नाव आणि चित्र असे एकमेकांना धरून असतील तर चित्र भक्कम. नाव काढून घेतल्यावर चित्रात काहीच उरत नसेल, तर भाव चित्रात नव्हता, पाटीवर होता. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या अनेक गोंडस प्राणिचित्रांना ही कसोटी लावून पाहा.

सहावी पायरी: हे चित्र कशासाठी काढलं होतं?

काही प्राणिचित्रांत भाव शोधणंच चुकीचं ठरतं. जहांगीर बादशहाच्या दरबारातला उस्ताद मन्सूर हा निसर्गचित्रांचा जाणकार; बादशहाने त्याला 'नादिर-उल-अस्र' (युगातलं आश्चर्य) असा किताब दिला होता. त्याने १६२१ साली काढलेला झेब्रा लँडसीरचा कुत्रा आहे त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. दरबारात असा प्राणी कोणी पाहिलेला नव्हता. पट्टे कोणी रंगवले असतील अशी शंका येऊन प्राणी नीट तपासला गेला आणि मग खात्री पटली, असं जहांगीरने स्वतःच नोंदवलंय. पुढे तो इराणच्या शाह अब्बासला भेट म्हणून पाठवायचा होता. अशा चित्राला "झेब्रा उदास आहे का?" हे विचारून काही हाती लागत नाही. तिथे नवल आहे, नोंद आहे, आणि दुर्मीळ प्राणी पदरी असल्याचा दरबारी अभिमान आहे. हाच त्या चित्राचा अर्थ.

लँडसीरचं चित्र मात्र भावासाठीच काढलेलं. १८३७ हे राणी व्हिक्टोरिया गादीवर आली ते साल. त्या काळच्या इंग्लंडात प्राण्यांविषयीची कणव वाढत होती. प्राण्यांशी होणाऱ्या क्रूरतेविरुद्धची संस्था लंडनमध्ये १८२४ साली निघाली होती, १८३५ साली कायदाही झाला होता. घराघरांत लँडसीरच्या चित्रांच्या छापील प्रती लागत. त्या प्रेक्षकाला निष्ठावंत कुत्रा हवा होता, आणि लँडसीरला ते पक्कं ठाऊक होतं. त्याच्या इतर काही चित्रांत हे ठाऊक असणं डोक्यावर चढतं. १८४०च्या 'लेइंग डाउन द लॉ'मध्ये कुत्रे न्यायालय भरवून बसलेत आणि पूडल जातीचा एक कुत्रा न्यायाधीश झालाय. ते गमतीचं आहे, पण तिथे कुत्रे माणसांची सोंगं घेतात. मेंढपाळाच्या घरातला कुत्रा कुत्राच राहतो. तो बायबलकडे पाहत नाही, अश्रू ढाळत नाही, हात जोडत नाही. या संयमामुळेच हे चित्र मला त्याच्या इतर कामांच्या फार वरचं वाटतं.

इतिहास वाचताना एक धोका असतो, तो डच चित्रकार कारेल फाब्रिशियसच्या पक्ष्यावरून समजून घ्या. हेगमधलं १६५४ सालचं 'गोल्डफिंच', जेमतेम साडेतेहेतीस सेंटिमीटर उंच. पांढरट भिंत, दाण्याची पेटी, तिच्या दांडीवर बसलेला छोटा पक्षी आणि त्याला बांधून ठेवणारी बारीक साखळी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेल्फ्ट शहरातलं दारूगोळ्याचं कोठार फुटलं आणि चित्रकार त्यात मरण पावला. हे कळलं की पक्षी एकदम मृत्यूची वाट पाहणारा कैदी दिसायला लागतो. पण ते रंगवताना फाब्रिशियसला पुढचं काय माहीत होतं? त्याचप्रमाणे युरोपातल्या जुन्या धार्मिक चित्रांत हा पक्षी ख्रिस्ताच्या यातनांचं प्रतीक म्हणून येतो. म्हणून इथेही तेच, असं लगेच म्हणायचं नाही. या भिंतीवर धर्माची दुसरी कोणतीच खूण नाही. असे पक्षी तेव्हा घरोघरी पाळत आणि साखळीने छोटं भांडं ओढून पाणी काढायला शिकवत. म्हणजे साखळी त्या काळच्या डोळ्यांना आपल्याइतकी क्रूर दिसली नसेल. तरी भिंत इतकी मोकळी आहे, सावली इतकी ठळक आहे, की एकटेपणाचं वाचन मी सोडणार नाही. ते चित्रातूनच आलंय, स्फोटातून नाही.

सातवी पायरी: आपण काय घेऊन आलो?

मराठी वाचक लँडसीरच्या कुत्र्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या मनात महाप्रस्थानाला निघालेल्या धर्मराजामागचा कुत्रा असतोच. रायगडावरच्या वाघ्याची कथाही असते. स्वतःचा एखादा गेलेला कुत्रा असेल तर तो सर्वांत आधी येतो. हे सगळं येऊ द्यावं. त्याशिवाय चित्र लागतही नाही. फक्त वहीत ते वेगळ्या पानावर लिहा. धर्मराजाच्या कुत्र्याला स्वर्गाच्या दारात न्याय मिळतो. लँडसीरच्या कुत्र्याला पुढे काय, हे चित्र सांगत नाही, सांत्वनही करत नाही. आपली कथा त्यावर चढवली तर चित्रातली नेमकी हीच कठोर गोष्ट झाकली जाते.

आणि "कुत्र्याला खरंच दुःख होतं का?" या प्रश्नात फार अडकू नका. तो प्राणिशास्त्राचा चांगला प्रश्न आहे, पण वेगळा. चित्र काय म्हणतंय, एवढंच इथे शोधायचंय.

आठवी पायरी: चार वाक्यं लिहा

लिहिताना तीन क्रियापदं वेगळी ठेवा: दिसतं, सुचतं, वाटतं. नमुना असा:

"कुत्रा शवपेटीवर हनुवटी टेकून आहे आणि घोंगडी एका बाजूला ओढली गेलेली दिसते. त्यावरून आधी धडपड झाली आणि आता ती थांबली, असं सुचतं. काठी, टोपी, चष्मा आणि रिकामी खोली यांवरून गेलेला माणूस एकटा राहत होता, असंही सुचतं. मला वाटतं, चित्रातलं दुःख कुत्र्याच्या डोळ्यांपेक्षा त्याच्या न हलण्यात जास्त आहे."

कोणी "कशावरून?" विचारलं तर पहिल्या तीन वाक्यांसाठी चित्रावर बोट ठेवता आलं पाहिजे. चौथ्यावर वाद होऊ द्या.

सरावासाठी वर सांगितलेली बहुतेक चित्रं त्या त्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठी करून पाहता येतात. फोनपेक्षा मोठा पडदा घ्या आणि चित्राचं माप वाचून ते भिंतीवर हाताने आखून पाहा. पडद्यावर पॉटरचा बैल आणि फाब्रिशियसचा पक्षी एकाच आकाराचे दिसतात, आणि तिथे निम्मा भाव हरवतो. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जा. तिथे लघुचित्रं आहेत, युरोपीय चित्रांचं दालन आहे आणि प्राणी-पक्ष्यांचा निसर्गविभागही आहे. आधी निसर्गविभागात प्राण्याचं अंग, खांदे, मानेची ठेवण नीट पाहून घ्या, मग चित्रांकडे वळा. सुरुवातीला एका फेरीत एकच चित्र पुरे, आणि पाटी सर्वांत शेवटी.